दाजींची होडी आणि १४ लाख क्युसेक

कृष्णेचं पाणी चाळीस फुटांच्या पुढं गेलं की सांगलीत झोप लागत नाही. म्हणजे विश्रामबागेकडं राहणाऱ्यांना लागते, आम्हा गावभागातल्यांना नाही. मोबाईल उशाला, ग्रुपवर दर तासाला आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचा आकडा, ४१ फूट २ इंच, ४१ फूट ५ इंच, त्याखाली कुणीतरी टाकतो की कोयनेतून अजून सोडणार आहेत, मग दुसरा आलमट्टीवर घसरतो, मग तिसरा २०१९ चे फोटो टाकतो, त्याला सगळे मिळून शिव्या घालतात की आता कशाला घाबरवतोयस. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं माझी गंमत आणखी वेगळी. पाणी चढायला लागलं की नदीकाठचे शेतकरी रातोरात मोटारी वर ओढतात, ज्यांच्या राहतात त्यांच्या पूर ओसरल्यावर माझ्याकडं येतात, म्हणजे पूर आला की माझा धंदा वाढतो आणि घर बुडतं. कुणाला सांगायलाही लाज वाटते.

यावेळी दाजी आमच्याकडं अडकले होते. बहिणीचं घर पाटणच्या बाजूला, दाजी भाचीच्या ॲडमिशनच्या कामाला म्हणून एक दिवसासाठी आले आणि इकडं रस्ते बंद झाले. दाजी मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर, बोलणं कमी, चहा जास्त. खालचं सामान वर चढवताना त्यांनीच ती होडी पाहिली आणि म्हणाले, "आरं, ही अजून हाय व्हय तुझ्याकडं?"

होडीची गोष्ट आधी सांगतो. वीतभर लांबीची काळपट लाकडाची कोरलेली होडी, आत दोन माणसं, एकाच्या हातात वल्हं. दाजी २००६ च्या सुमाराला युएनच्या शांतीसेनेत काँगोला गेले होते, आपल्याकडचे बरेच जवान तिकडं जाऊन आलेत, त्यांचा कॅम्प गोमा नावाच्या गावाजवळ होता, आणि मधे एकदा कसल्यातरी ड्युटीवर किसांगानीला गेले होते तिथून ही आणली. आमची आजी तेव्हा होती. तिला काही केल्या किसांगानी म्हणता यायचं नाही, तिच्या कानाला ते सांगलीच वाटायचं, त्यामुळं दाजी परदेशात आहेत हे तिनं शेवटपर्यंत मानलं नाही. "सांगलीत ऱ्हातोय आन् घराकडं ईत न्हाई" अशी तिची तक्रार होती.

तर ही होडी २०१९ ला खालच्या शोकेसमधे होती. त्यावर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या खालच्या खोलीत पंख्याच्या पात्यांवर गाळ बसला होता. आठ दिवसांनी दार ढकलून आत गेलो तर शोकेस उताणं, काचा फुटलेल्या, फोटो, भांडी, मुलाच्या ट्रॉफ्या सगळं चिखलात, आणि ही होडी लोखंडी कपाटाच्या डोक्यावर नीट सरळ बसलेली. पाणी चढलं तशी चढली असणार आणि उतरताना वाटेत कपाट लागलं तिथं टेकली. पंचनाम्याला आलेल्या माणसाला मी ते दाखवलं, त्याला त्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता, त्यानं कपाटाची किंमत विचारली.

तर परवा रात्री लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक बल्ब, आणि मी सहज विचारलं की दाजी, ती नदी कशी होती ओ, आपल्या कृष्णेएवढी? दाजी हसले नाहीत, ते हसतच नाहीत, फक्त म्हणाले, "कृष्णेएवढ्या तिच्यात किती जात्यात ते बघ की मोबाईलवर." मग मी बघत बसलो आणि रात्र तिथंच गेली. जे सापडलं ते सांगलीकरांच्या भाषेत सांगतो, म्हणजे फुटात आणि क्युसेकमधे (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी), कारण आपल्याला दुसऱ्या भाषेत नदी कळतच नाही.

काँगो नदीतून सरासरी सेकंदाला ४१ हजार घनमीटर पाणी वाहतं. क्युसेकमधे करा, १४ लाखांच्या वर जातं. आपल्याकडं कोयनेतून एक लाख क्युसेक सोडलं की टीव्हीवाले गाड्या घेऊन येतात, आणि ही बाई बारा महिने चौदा लाखानं चालते, पूर नाही काही नाही, रोजचं आहे. मी कॅल्क्युलेटर काढला. कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं, ते काँगोच्या पाण्यानं भरायला घेतलं तर साधारण २० तास लागतात. रिकामं धरण आज दुपारी चारला लावा, उद्या दुपारी बाराला दरवाजे उचला. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "आन् मग फुडं?" मग पुढं काय, पाटण, कऱ्हाड, सांगली.

ॲमेझॉननंतर पाण्याच्या बाबतीत जगात हिचाच नंबर. लांबी जवळपास ४७०० किलोमीटर, खोरं ३७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपला अख्खा देश त्यात बसून वर जागा उरते. तिकडच्या भाषेतला जुना शब्द आहे त्याचा अर्थ नद्या गिळणारी नदी, पोर्तुगीजांनी त्याचंच झाईर केलं, आणि १९७१ ला तिथला हुकूमशहा मोबुटूनं तेच देशाला नाव दिलं.

खरं मला चक्रावून टाकलं ते पाण्याच्या आकड्यानं नाही, पावसाच्या. मला वाटायचं एवढं घनदाट जंगल, एवढी नदी, म्हणजे पाऊस महाबळेश्वरच्या दुप्पट तिप्पट असणार. उलटं आहे. काँगोच्या जंगलात वर्षाला साधारण १६०० ते २००० मिलिमीटर पडतो आणि आपल्या महाबळेश्वरला, जिथून कृष्णा निघते तिथं, ५००० च्या वर. म्हणजे आपल्या डोंगरावर त्यांच्या अडीच-तीन पट पाऊस आणि तरी एप्रिल-मे मधे आपल्या घाटावर पायऱ्यांच्या खाली नुसते दगड आणि जलपर्णी.

कारण काय, तर आपला सगळा पाऊस चार महिन्यात कोसळतो आणि काँगो विषुववृत्त दोनदा ओलांडते. दक्षिणेकडून निघते, वर उत्तरेला जाते, मोठा धनुष्यासारखा वळसा घेते आणि परत खाली येऊन समुद्राला मिळते. त्यामुळं तिचं साधारण एक तृतीयांश खोरं उत्तर गोलार्धात आणि बाकीचं दक्षिण गोलार्धात, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उत्तरेकडच्या उपनद्या भरून येतात, त्या उतरायला लागल्या की दक्षिणेकडच्या चालू. एका बाजूचा कोटा संपायच्या आत दुसऱ्या बाजूचा सुरू. आमच्या घरात आई आणि बायको एकमेकींना जशी सुट्टी देतात तसं, एकजण माहेरी गेली की दुसरी किचनमधे, चूल कधी बंद पडत नाही.

तरी थोडं वरखाली होतंच. तिकडच्या राजधानीला, किन्शासाला, सगळ्यात जास्त पाणी डिसेंबरच्या आसपास, मग मे मधे एक लहान चढ, आणि सगळ्यात कमी कधी, तर जुलै-ऑगस्टमधे. म्हणजे आपण इथं गाद्या वर चढवत असतो तेव्हा तिकडं नदी तळाला असते, आणि तो तळ म्हणजे तरी १० लाख क्युसेकच्या आसपास. जानेवारी २०२४ मधे किन्शासाला मोठा पूर आला होता, साठ वर्षांत तेवढं पाणी नव्हतं आलेलं. पाण्याची पातळी गेली ६.२० मीटरवर, आणि १९६१ चा रेकॉर्ड होता ६.२६. मी हे दोन आकडे बराच वेळ बघत बसलो. सहा सेंटिमीटरचा फरक! आपल्याकडं एवढं पाणी ग्रुपवर मेसेज टाईप करेपर्यंत चढतं. आणि त्या पुरात तिकडं घरं, रस्ते बुडाले, माणसं गेली, कारण जी नदी वर्षानुवर्षं एका मापात राहते तिच्या अगदी काठाला माणूस जाऊन बसतो, त्याला चाळीसची इशारा पातळी आणि पंचेचाळीसची धोका पातळी असल्या गोष्टी अंगवळणी पडलेल्या नसतात. आपल्याला निदान गादी कधी उचलायची ते कळतं.

दाजींनी मग स्वतःहून किसांगानीचं सांगितलं. गावाच्या वर नदीत ओळीनं सात धबधबे आहेत, बोयोमा म्हणतात, म्हणजे आपल्या ठोसेघरसारखे उंच नाहीत, पसरट, खडकातून उसळत येणारं पाणी. तिथं वागेनिया लोक मासे धरतात. त्या उसळत्या पाण्यात खडकांच्या फटीत मनगटाएवढे नाही, मांडीएवढे ओंडके रोवलेत, वेलींनी एकमेकाला बांधलेत, आणि त्याला माणूस आत बसेल एवढ्या निमुळत्या टोपल्या अडकवून पाण्यात सोडतात. पाणी टोपलीतून निघून जातं, मासा अडकतो. "दोर न्हाई, खिळा न्हाई, वरनं पोरं माकडावानी पळत्यात" असं दाजी म्हणाले. दाजींचं एवढं लांब वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

किसांगानीपासून किन्शासापर्यंत जवळपास १७०० किलोमीटर नदीत बोटी चालतात. रस्ते असून नसल्यासारखे, त्यामुळं नदी हाच हायवे, मोठे मोठे बार्ज एकमेकाला बांधून ढकलत नेतात, त्यावर बकऱ्या, कोंबड्या, पोती, संसार, आठवडेच्या आठवडे प्रवास. एवढ्या अंतरात नदी उतरते किती, तर शंभर-सव्वाशे मीटर. आपली कृष्णा महाबळेश्वरवरून सांगलीला येईतोवर त्याच्या कितीतरी पट उतरून येते आणि इथं आली की सपाटीला दमून बसते, म्हणून तर हरिपूरला वारणा आडवी आली की पाणी मागं तुंबतं. काँगो मधल्या सगळ्या प्रवासात अशीच दमलेली चालते, कुठं कुठं दहा-पंधरा किलोमीटर रुंद, मधे असंख्य बेटं, आणि दोन्ही बाजूला जंगल पाण्यात उभं.

या पाण्यात उभ्या जंगलाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते मला पाचटामुळं कळलं. आपल्याकडं ऊस गेला की पाचट पेटवायचं का कुजवायचं यावर दरवर्षी भांडण. कुजवायचं तर त्याला हवा लागते. तिकडं झाडाचं पान पडतं ते सरळ साचलेल्या पाण्यात, हवा मिळत नाही, धड कुजत नाही, वर दुसरं पान, मग तिसरं, असं दहा हजार वर्षं. त्याचा काळा थर झालाय, पीट म्हणतात, काही ठिकाणी जवळपास सहा मीटर जाड, म्हणजे आमचं दोन मजली घर. गंमत म्हणजे हा थर एवढा मोठा आहे हे जगाला नीट कळलं २०१७ ला. शास्त्रज्ञ त्या दलदलीत गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन नळ्या खुपसून माप घेऊन आले तेव्हा. २०२२ च्या नव्या नकाशात त्याचं क्षेत्र निघालं १ लाख ६७ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या अर्ध्याहून जास्त, आणि त्यात अडकलेला कार्बन ३० अब्ज टनाच्या आसपास, अख्खं जग तीन वर्षं कोळसा-डिझेल-पेट्रोल जाळून जेवढा सोडतं तेवढा. हे सगळं पाचट ओलं आहे तोवर गप्प आहे. तेल शोधायला किंवा शेतीला म्हणून चर मारून पाणी काढलं तर ते वाळणार, आणि वाळलेल्या पाचटाचं काय होतं ते वाळव्या-कडेगावच्या कुठल्याही पोराला विचारा.

त्या पानांमुळंच तिकडच्या कित्येक उपनद्यांचं पाणी चहासारखं आहे, कोरा चहा. रुकी म्हणून एक नदी आहे तिचं पाणी इतकं काळं की ओंजळीत घेतलं तरी रंग दिसतो. घाण नाही, नुसती पानं मुरून आलेला रंग. आपल्याकडं नदी काळी झाली की समजायचं कुणीतरी रात्रीत मळी सोडली, सकाळी काठाला पांढरे मासे उलटे. एकाच रंगाचा केवढा फरक.

आता सांगा नावाची नदी! खोटं नाही सांगत. काँगोची उत्तरेकडची मोठी उपनदी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात नोला नावाच्या गावाला दोन नद्यांचा संगम होतो तिथून पुढं तिला सांगा म्हणतात. आपल्याकडं संगमावर देऊळ, तिकडं संगमापासून नदीचं नावच नवं. तिच्या काठाला कॅमेरून, काँगो (दाजींच्या काँगोच्या शेजारचा, त्याच नावाचा दुसरा देश) आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा तीन देशांची जंगलं लागून आहेत, २०१२ ला ती मिळून जागतिक वारसा यादीत गेली. तिथं जंगलाच्या मधोमध मोकळ्या दलदली जागा असतात आणि त्यांना म्हणतात, वाचा नीट, बाई. झांगा बाई ही त्यातली प्रसिद्ध. जंगली हत्ती तिथं चिखलात सोंड खुपसून खालचं क्षाराचं पाणी ओढतात, एकाच वेळी पन्नास-शंभर. हे हत्ती आफ्रिकेच्या माळावरच्या हत्तींपेक्षा बारके, कान गोल, सुळे सरळ खाली. अँड्रिया टुर्कालो नावाच्या अमेरिकन बाई १९९० पासून दोन दशकांहून जास्त काळ तिथं मचाणावर बसून हत्ती बघत होत्या आणि त्यांनी हजारो हत्ती एकेक करून ओळखायला शिकून घेतले, कानाची फाटलेली कड, सुळ्याचा तुटलेला तुकडा यावरून. मी मोटार बघून शेतकरी ओळखतो, तसं काहीसं. हा हत्ती फळं खाऊन मैलोन्‌मैल लांब बी टाकतो, काही झाडांची तर बी पसरवायची सगळी भिस्त त्याच्यावर. हस्तिदंतासाठी हत्ती मारले की हळूहळू जंगलाची लागवडच थांबते.

आणि मासे. किन्शासाच्या खाली नदीचा स्वभावच बदलतो, एवढं सगळं पाणी अरुंद घळीत शिरतं, साडेतीनशे किलोमीटरमधे अडीचशे मीटरहून जास्त उतरतं, म्हणून तर समुद्रातून आलेलं जहाज वर जाऊ शकत नाही आणि त्यासाठी १८९८ ला मुद्दाम रेल्वे बांधावी लागली. तिथं नदीची खोली मोजली तर २२० मीटर भरली. फुटात ७२०. आयर्विनचा २०१९ चा आकडा ५७. मी दाजींना तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ते म्हणाले झोप आता.

त्या खोलीत एक मासा आहे, पांढरट, आंधळा, बोटाएवढा. वर नेहमी मेलेलाच सापडायचा. मेलनी स्टिॲस्नी नावाच्या न्यूयॉर्कच्या म्युझियममधल्या मत्स्यशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या टीमला एकदा मरायला टेकलेला मिळाला, त्याच्या कातडीखाली हवेचे बुडबुडे. खोल पाण्यात बुडी मारणारा माणूस झटकन वर आला की जे होतं तेच, म्हणजे हा खूप खोल अंधारात राहणारा आणि जोराचा प्रवाह त्याला वर फेकून देतो. तिथल्या कोळ्यांनी त्याचं नाव ठेवलंय त्याचा अर्थ ऑफिसात बसणारा गोरा. मिरजेतला माझा एक बँकवाला मित्र आहे, त्याला मी तेव्हापासून याच नावानं हाक मारतोय.

माझ्या धंद्यातले मासेपण आहेत तिथं, हत्तीसारखं नाक असलेले, शेपटीजवळ बारीक करंट तयार करतात आणि गढूळ पाण्यात त्याच्यावरच वाट काढतात, एकमेकाशी बोलतातही. आणि एक गोलायथ टायगरफिश, दीड मीटरपर्यंत वाढतो, त्याचे दात फोटोत बघा, मी तेवढंच करून फोन खाली ठेवला. मगरी तीन जातीच्या. आपल्या भिलवडी-औदुंबरकडच्या मगरींचं आपल्याला काय कौतुक.

खरं त्या घळीतली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच. प्रवाह इतका जोराचा की मासासुद्धा पलीकडं जाऊ शकत नाही. एकाच जातीचे मासे, मधे दीड-दोन किलोमीटर पाणी, आणि तपासणी केली तर अलीकडचे आणि पलीकडचे वेगळे निघतात. माकडांचं तर त्याहून मोठं. चिंपांझी सगळे नदीच्या उत्तरेला, बोनोबो फक्त दक्षिणेला. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी कधीतरी पाणी कमी असताना त्यांचे पूर्वज पलीकडं गेले, मग वाट बंद झाली, दोघांनाही पोहता येत नाही, आणि दोन वेगळ्या जाती झाल्या. तापट ते इकडं आणि भांडण मिटवणारे ते तिकडं. बोनोबो वेगळा आहे हे लक्षात आलं तेही बेल्जियमच्या एका म्युझियमच्या कपाटात, एर्न्स्ट श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन माणसाला नदीच्या दक्षिणेकडून आलेली एक कवटी बघताना, १९२९ साली. आणि आपला आयर्विन पूल कधीचा? १९२९ चा.

किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन देशांच्या राजधान्या समोरासमोर आहेत, एका काठावरून दुसरीचे दिवे दिसतात, आणि मधे आजही पूल नाही. बोटीनं जायचं, कागद दाखवायचे. मी विचार करत होतो की आयर्विन नसता तर पलीकडच्या सांगलवाडीची माणसं आतापर्यंत आपल्याहून किती वेगळी झाली असती. दाजी अंधारात म्हणाले, "हायतीच की." म्हणजे जागे होते.

पहाटे ४२ फूट १ इंच, मग दोन तास तेवढंच, मग ४२ फुटाला आलं आणि ग्रुपवर हात जोडलेले चाळीस इमोजी. दुपारपर्यंत उतार नक्की झाला. दाजींची कऱ्हाडपर्यंतची गाडी चारला सुटणार होती, बहिणीनं भडंगाची दोन पाकिटं आणायला सांगितली होती ती घेतली. निघताना त्यांनी होडी हातात घेतली, अंगठ्यानं तिच्या पोटातला २०१९ चा सुकलेला गाळ खरवडायला लागले, निघेना, तसाच राहू दे म्हणाले. मी ती शोकेसमधे ठेवायला निघालो होतो, तर म्हणाले, "आजून म्हैनाभर कपाटावरच ठेव की. तिला वाट म्हाईत हाय."